मोजणीबाई आणि लिफ्टचा खड्डा

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना सगळे मोजणीबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलं. त्यांना ते ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. असलं तरी त्यांनी बारा वर्षांत कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, आणि मीही स्वतःहून सांगायला गेलो नाही. नावं ठेवणं हा माझा जुना धंदा. नोकरी जावक टेबलावर केली, लिफाफ्यांवर पत्ते लिहिले, पण मन लावून केलं ते एकच काम: कुणाचं काय चाललंय ते ऐकायचं, त्याला थोडं तिखटमीठ लावायचं आणि पुढच्या टेबलावर सोडायचं.

सिस्टर तशा ठेंगण्या. आधी त्यांच्या टाचा ऐकू येतात, मग त्या दिसतात. छातीवर पिनेनं अडकवलेलं घड्याळ, खिशात दोन पेन्सिली, एक निळी, एक तांबडी. वडील गोदामावर पोती मोजायला होते. ही लहान पोर त्यांच्या शेजारी बसायची आणि वडिलांचा आकडा चुकला की चारचौघांत दुरुस्त करायची. लग्न झालं तरी सवय गेली नाही. जिना चढताना पायऱ्या मोजतात. मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत, वर पोचल्यावर देतात. हे मला कसं कळलं म्हणाल, तर सिस्टरांची नणंद आणि आमची ही भाजीच्या दुकानात रोज भेटतात, आणि दोघी मिळून भाजी कमी निवडतात आणि माणसं जास्त.

ब्लडप्रेशर आणि साखरवाल्यांचा दिवस शुक्रवार. इस्पितळाच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लागून बाक, टोकाला सिस्टरांचं टेबल आणि टेबलामागच्या दारातून आत डॉक्टर. डॉक्टरांकडे जायच्या आधी महिन्याभराची गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायची. सिस्टर एकेक पाकीट उलटं करायच्या, पेन्सिलीचं टोक एकेका फुटलेल्या घरावरून फिरवायच्या, ओठ हलायचे, आणि मग कार्डावर शेरा पडायचा. सगळी घरं रिकामी असली तर निळी चांदणी. गोळी उरली असली तर तांबडा आकडा, आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसायचं. त्या बाकावरच्यांशी सिस्टर सगळ्यात शेवटी बोलायच्या, उभ्यानं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"नऊ उरल्या. म्हणजे नऊ दिवस सुट्टी. उद्या हृदय म्हणालं मलाही नऊ दिवस सुट्टी हवी, तर देणार का, आजी?"

या आजी म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. उभ्या जन्मात इतरांना वर्गाबाहेर काढलेल्या. चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ पुसत बसल्या.

त्या बाकाला आम्ही नापासांचा बाक म्हणायचो. (हेही नाव माझंच.) आता सांगा, साठी उलटलेली, नातवंडांवर डाफरणारी माणसं, त्यांना तिथं बसायची लाज वाटणार नाही का. मग जे व्हायचं ते झालं. आमच्या खोलीबाहेर, वळणावर, हात धुवायची एक मोरी आहे. शुक्रवारी सकाळी त्या मोरीपाशी गर्दी उसळायची. खिशातून पाकिटं निघायची, कट कट आवाज यायचा, आणि उरलेल्या गोळ्या नळाच्या पाण्याबरोबर खाली. त्या मोरीला जन्मात ब्लडप्रेशर होणार नाही, असं मी म्हणायचो, आणि लोक हसायचे.

नुसतं म्हणून थांबलो असतो तर निराळं. पण मी शिकवणीही घ्यायचो. कुणी नवखा दिसला की बाजूला घेऊन सांगायचो, "एकदम सगळ्या फोडू नका हो. ताज्या फोडलेल्या घराचा चांदीचा कागद चकाकतो, सिस्टर ओळखतात. रोज एक फोडायची. मग ती तोंडात जाते की आणखी कुठं, हा ज्याचा त्याचा प्रश्न."

सिस्टरांच्या खोलीत चांदण्या वाढत गेल्या. वरून पत्र आलं, की आपल्या दवाखान्यातले रुग्ण औषध घेण्यात सगळ्यांच्या पुढे आहेत, पुढच्या महिन्यात आम्ही आपली पद्धत पाहायला येतो. सिस्टरांनी पत्राला चौकट करून टेबलामागं लावलं. त्या दिवशी त्यांनी नापासांच्या बाकावरच्या तिघांनाही जवळ जाऊन हळूच सांगितलं. माणूस खुशीत असला की कसा मऊ होतो, ते मी तेव्हा पाहिलं. वाईटपणा त्यांच्यात नव्हताच. एखाद्या पेशंटच्या दोन खेपा चुकल्या तर त्याचं घर शोधत जाणारी बाई. फक्त विश्वास होता तो पाकिटांवर.

आणि सगळ्यात जास्त विश्वास एका पाकिटवाल्यावर. तो म्हणजे आमच्या जुन्या कचेरीचा लिफ्टवाला.

सात मजल्यांची इमारत, जाळीच्या दाराची म्हातारी लिफ्ट, आत एक स्टूल, स्टुलावर हा. सडपातळ, गणवेशाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कोण कुठल्या मजल्यावरचं हे त्याला पाठ. माणसानं तोंड उघडायच्या आधी लिफ्टची मूठ फिरवायचा. दहा वर्षं दवाखान्यात येत होता, आणि गेली सात वर्षं त्याच्या कार्डावर एकही तांबडा आकडा नव्हता. नवीन पेशंट आला की सिस्टर त्याचं कार्ड काढून दाखवायच्या. "हे बघा. चार गोळ्या रोज, आणि एक चुकलेली नाही. लिफ्ट चालवतात ते, तुम्हाला काय जड जातं?"

लिफ्टवाला मान खाली घालून बसलेला असायचा. आम्ही म्हणायचो, किती नम्र माणूस.

एकच गोष्ट जमत नव्हती. चांदण्या वाढत होत्या आणि प्रेशर उतरत नव्हतं. डॉक्टर तरुण, हुशार, पण माणशी तीन मिनिटं. ते प्रेशर बघायचे, चांदणी बघायचे आणि म्हणायचे, "इतकं नियमित घेऊनही उतरत नाही, म्हणजे औषध कमी पडतंय." आणि एक गोळी वाढायची. पहिल्या तीन वर्षांतच एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, मग लघवीची गोळी, आणि पुढच्या सात वर्षांत त्या चारांचीही ताकद वाढत गेली.

यंदा त्याला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी वरच्या वॉर्डात ठेवलं. वॉर्डातल्या नर्सकडे कार्ड गेलं. कार्डावर लिहिलेल्या चारही गोळ्या ती सकाळ झाली की त्याच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. चौथ्या दिवशी तो खाटेवरून उठला आणि तिथंच कोसळला. कपाळाला खोक पडली. प्रेशर इतकं खाली गेलेलं, की नर्सनं यंत्र खराब आहे समजून दुसरं आणलं.

ऑपरेशन राहिलं बाजूला. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, एक अर्धी केली. दोन दिवसांनी हा पुन्हा संडासाच्या दारात पडला. डॉक्टर चक्रावले. आता ऐका, चूक कुठं झाली ती. त्यांनी कार्ड पुढं ओढलं आणि म्हणाले, "याच गोळ्या हा माणूस वर्षानुवर्षं पचवतोय. त्या आजच का बाधतील? हृदयच थकलेलं दिसतंय." ठरलं असं, की त्याला शनिवारी सकाळी मोठ्या इस्पितळात पाठवायचं, तिथं मांडीतून नळी घालून हृदय तपासायचं. तोवर उरलेल्या गोळ्या चालूच.

सिस्टर रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला बघायला वर जायच्या. त्याचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "घाबरू नका, भाऊ. तुमच्यासारखा पेशंट मला दुसरा नाही." तो भिंतीकडं तोंड फिरवायचा. हे सगळं नणंदेमार्फत आमच्या घरी पोचत होतं आणि मी ते चहाबरोबर ऐकत होतो.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी जुन्या कचेरीत गेलो. काम काही नव्हतं. निवृत्त माणसाला कचेरीत काम नसतं, पण जावक टेबलावर खुर्ची रिकामी असतेच. लिफ्टवाला रजेवर, म्हणून इमारतीवाल्यांनी लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. पुष्कळ वर्षांत तिचा खड्डा कुणी साफ केला नव्हता. मिस्त्री लोखंडी शिडीनं खाली उतरला आणि खालूनच बोलला, "अहो, इथं केमिस्टचं दुकान गाडलंय कुणी?"

त्यानं दोन घमेली भरून वर दिली. गोळ्या. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी. काही नव्याकोऱ्या, काही ओल धरून फुगलेल्या, काहींचा नुसता लगदा, त्यात ग्रीस आणि धूळ. लिफ्टची फळी आणि मजल्याचा उंबरा यांच्यात बोटभर फट असते, तिच्यातून रोज चार चार खाली सोडलेल्या. सगळी कचेरी घमेल्यांभोवती जमली. मी इतका हसलो की मला धरून बसवावं लागलं.

शुक्रवारी दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या मी ही कथा सांगायला घेतली. मुद्दाम जरा मोठ्यानं. मिस्त्रीचा आवाज काढला, घमेली कशी उचलली ते दाखवलं. बाक हलायला लागला हसून. मुख्याध्यापिका आजीसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसल्या. आणि मी शेवटचा टोला मारला, "म्हणजे बघा, चांदण्या माणसाला आणि गोळ्या लिफ्टला. म्हणून ती लिफ्ट या वयातही धडधडत वर जाते."

हशा एकदम तुटला. मी मागं बघितलं. सिस्टर उभ्या होत्या. हातात कुणाचं तरी पाकीट, पेन्सिल तिसऱ्या घरावर थांबलेली.

"कुठल्या गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सिस्टर, गंमत चालली होती."

"रंग कुठले होते, आजोबा?"

मला आजोबा म्हटलेलं आवडत नाही. त्यांच्याहून मी फार तर पंधरा वर्षांनी मोठा. एरवी मी काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी रंग सांगितले. पांढरी, पिवळी, गुलाबी. सिस्टरांच्या मानेवर खालून वर लाली चढत गेली, कानांपर्यंत. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, दुसऱ्या सिस्टरना बसवलं आणि मला म्हणाल्या, "चला. दाखवा मला."

कचेरी दोन रस्ते पलीकडे.  घमेली अजून जिन्याखाली होती. तरी त्यांना खड्डा बघायचाच होता. मिस्त्री म्हणाला, "बाई, कपडे खराब होतील." त्यांनी ऐकलं नाही. पांढऱ्या गणवेशात, मिस्त्रीची विजेरी घेऊन, शिडीनं खाली उतरल्या. मी वरून बघत होतो. भिंतीच्या कडेनं अजून शे-दोनशे गोळ्या राहिल्या होत्या. मिस्त्रीकडून वर्तमानपत्र मागून घेतलं आणि उकिडव्या बसून रंगारंगांचे ढीग करायला लागल्या. ओठ हलत होते. मला ऐकू येत होतं. "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद..."

नव्वदच्या पुढं आकडा आलाच नाही. हात तसाच राहिला. मोजणी अर्धी टाकलेली मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. विजेरी कलती होऊन तिचा उजेड भिंतीवर पडला होता.

वर आल्या तेव्हा हाताला ग्रीस, गुडघ्यांवर काळे डाग. मूठभर गोळ्या पुडीत बांधून घेतल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्हीही या." का, ते मला समजलं नाही. मला वाटतं, एकटीनं वॉर्डाचा जिना चढायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्या दिवशी त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. मी मध्येच "सिस्टर" म्हटलं तर लगेच "काय" म्हणाल्या.

लिफ्टवाला खाटेवर उताणा, कपाळाला पट्टी. सिस्टरांना बघून उठायला लागला. त्यांनी पुडी त्याच्या पांघरुणावर ठेवली. उघडावी लागली नाही. कागदातून ग्रीसचा डाग बाहेर आला होता. त्यानं तो डाग बघितला आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. सत्तावन वर्षांचा माणूस.

सिस्टरांचं तोंड उघडलं. आम्हा सगळ्यांना पाठ असलेला तो आवाज आता निघणार, वॉर्डाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाणार, असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि खाली बसल्या. स्टूल ओढून, त्याच्या उशीजवळ.

"भाऊ," हळू आवाजात म्हणाल्या, "काय त्रास होत होता गोळ्यांचा?"

त्यांनी पुडी उचलून आपल्या खिशात घातली.

"मी रागावणार नाही. मला कळायला हवं. उद्या तुमच्या हृदयात नळी घालतील, आणि ती माझ्या चांदण्यांमुळे घालतील."

 मग पांघरुणाच्या आतून आवाज आला.

"लिफ्टमध्ये संडास नसतो, सिस्टर."

"म्हणजे?"

"लघवीची गोळी. सकाळी घेतली की दोन-तीन तास दर वीस मिनिटांनी जावं लागायचं. तीच वेळ सगळे कामावर यायची. लिफ्ट सोडून गेलो की लोक जाळी वाजवायचे. म्हणून दाबून धरायचो." त्यानं पांघरूण आणखी घट्ट धरलं. "एक दिवस लिफ्ट अडकली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, पाऊण तास. आत दोन टायपिस्ट बाया आणि एक साहेब. नाही धरवलं मला."

सिस्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"त्या दिवसापासून भीती बसली. चारांतली नक्की कुठली ते मला ओळखू येईना, म्हणून सगळ्याच टाकायला लागलो. घरी बायको पाकीट हातात देते, ती नजर काढत नाही. म्हणून कामावर नेऊन टाकायचो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पुढच्याच शुक्रवारी. पण तुमच्या टेबलापाशी सगळे बसलेले असतात." मग तो आणखी हळू म्हणाला, "आणि कचेरीत तोवर नाव पडलं होतं मला. तुमच्यासोबत आलेल्या साहेबांना विचारा. त्यांना माहीत आहे."

त्यानं पांघरूण काढलं नव्हतं. मी वॉर्डात आलेलो त्याला आधीच दिसलं होतं.

मला माहीत होतं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्या निवृत्तीच्या आधीचं वर्ष. लिफ्ट सुटली तेव्हा चौथ्या मजल्यावर मीच दारात उभा होतो. ओला पायजमा, स्टुलाखालचं पाणी, भिंतीकडं तोंड करून उभा असलेला तो. संध्याकाळपर्यंत साती मजल्यांवर त्याचं नाव पोचलं होतं: पाणीपुरवठा. पोचवलं कुणी, ते वेगळं सांगायला नको. पुढं वर्षभर लोक लिफ्टमध्ये शिरताना विचारायचे, "काय रे पाणीपुरवठा, आज नळ किती वाजता?" आणि मी कोपऱ्यात उभा राहून हसायचो. ते गोळीमुळे झालं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी ते तिखटमीठ म्हणून वापरलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखतो.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्या तळमजल्यावर आल्या आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार लोटलेलं, पण लागलेलं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर होतो. कान माझे अजून चांगले आहेत.

"डॉक्टर, वरच्या पेशंटला उद्या पाठवू नका. त्यानं सात वर्षं या गोळ्या घेतलेल्या नाहीत. या आठवड्यात पहिल्यांदा घेतोय."

"असं कसं? कार्ड आहे ना तुमचं."

"कार्ड खोटं आहे."

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"मी बघून आले."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज. पुडी उघडल्याचा आवाज.

"आणि बाकीचे?" डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, मी दीडशे लोकांचे डोस तुमच्या चांदण्या बघून ठरवलेत."

"बाकीच्यांचंही मला माहीत नाही." सिस्टर एका दमात बोलत होत्या. "बाहेरच्या मोरीत शुक्रवारी पांढरं पाणी येतं. सफाईवाली दोनदा सांगून गेली. मी तिला म्हटलं, चुना असेल. मला ते चुनाच असायला हवं होतं."

डॉक्टरांनी पुडी पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही. तीन मिनिटांत चांदणी बघणं सोपं असतं." त्यांनी फोन उचलला, मोठ्या इस्पितळाची गाडी नको म्हणून सांगितलं, आणि वॉर्डात कळवलं, उरलेल्या गोळ्याही बंद.

तीन दिवसांत लिफ्टवाल्याचं प्रेशर वर आलं. जितकं हवं त्याहून थोडं जास्तच. मग एक साधी गोळी सुरू केली, तेवढ्यावर तूर्त भागलं. पुढं ऑपरेशनही झालं. नंतर लघवीची गोळी डॉक्टर पुन्हा जोडायच्या विचारात होते, तेव्हा सिस्टर मध्ये बोलल्या, "पाच वाजता कामावरून घरी गेल्यावर घेतली तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "चालेल की." एवढंच. सात वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर दोन शब्दांचं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही आलो तर खिडकीजवळचा बाक नव्हता. तो उचलून आडोशाच्या पडद्यामागं नेला होता. पडद्यामागं सिस्टर आणि एका वेळी एकच पेशंट. मोरीपाशी नेहमीची गर्दी होती, पण कुणाचा हात खिशात जात नव्हता. वॉर्डातली पुढची गोष्ट सगळ्यांना कळली होती. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी सांगितली असेल, कारण मी कुणापाशी काढली नव्हती.

पहिला नंबर माझा. सिस्टरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी पाकिटं पुढं केली. हात सवयीनं पेन्सिलीकडं गेला, मग त्यांनी पाकिटं तशीच बाजूला ठेवली.

"गोळ्या सगळ्यांच्याच राहतात कधी ना कधी," त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. शब्द अजून तोंडात बसले नव्हते. "मागच्या सात दिवसांत तुमच्या किती राहिल्या?"

माझ्या जिभेवर एक गंमत तयार होती. नेहमी असते.

"चार," मी म्हटलं.

त्यांनी काळ्या पेनानं चार लिहिलं. तांबडं नाही, निळं नाही. मान वर केली नाही. "का?"

"खोकला येतो हो. कोरडा. ती पांढरी घेतली की हमखास. रात्रभर हिला झोप नाही आणि मला बोलणी."

"किती दिवस येतोय?"

"दोन वर्षं असेल."

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "या गोळीनं काहींना येतो खोकला. दुसरी मिळते त्याऐवजी. दोन वर्षं तुम्ही..." आणि तिथंच थांबल्या. "जाऊ दे. सांगायला जागा कुठं ठेवली होती मी."

मग मी मोरीचं सांगितलं. शिकवणीचंही. चांदीचा कागद कसा चकाकतो आणि मी लोकांना काय सांगायचो, सगळं. एवढ्या वेळात त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. राग असता तर मला सोसला असता. त्या नजरेत निव्वळ ओळख होती, दोन चोरांची असते तशी.

त्या दिवशी पडद्यामागं पुष्कळ निघालं, आणि ते काही मी कान लावून ऐकलं नाही. जे आता सांगतोय ते लोकांनी आपण होऊन सांगितलेलं. मुख्याध्यापिका आजींना सांधेदुखीमुळे पाकीट फोडताच येत नव्हतं, आणि सुनेला रोज सांगायचा कमीपणा वाटायचा. त्यांना सिस्टरांनी आठवड्याच्या गोळ्या सोडवून सात काड्यापेट्यांत घालून दिल्या. एका गवंड्याला अक्षरं वाचता येत नव्हती, तो रंगावरून घ्यायचा, आणि कंपनीनं रंग बदलल्यापासून दुप्पट घेत होता. सिस्टर हे ऐकून बाहेर आल्या आणि मोरीपाशी जाऊन तोंड धुतलं. त्यांनी तेव्हा काय विचार केला, ते नणंदेलाही माहीत नाही.

वरचे साहेब ठरल्याप्रमाणे आले. चौकटीतलं पत्र भिंतीवरून काढलेलं होतं, पण खिळा राहिला होता. साहेबांनी नवी कार्डं चाळली. चांदणी नाही, नुसते आकडे. तीन, पाच, एक, चार.

"तुमचे रुग्ण तर बिघडलेले दिसतात," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब. आधी मला सांगत नव्हते."

"मग आमच्याकडं जे आकडे पाठवलेत, ते?"

"चुकीचे होते. मी चूक केली," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा ती लाली, मानेपासून कानांपर्यंत. साहेब काही न लिहिता वही मिटून निघून गेले. नंतर वरून ना पत्र आलं, ना कुणी माणूस.

परवा मला कचेरीत जायचं होतं, आणि इमारतीच्या दारात सिस्टर भेटल्या. त्यांचं पाचव्या मजल्यावर काही काम होतं. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. स्टुलावर तो, गळ्यापर्यंत बटणं, कपाळावर खोकीची पांढरी रेघ. आता पाठीमागच्या संडासाची किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकते, आणि जाळीवर पाटी आहे: दहा मिनिटांत येतो. सिस्टरांनीच इमारतीवाल्यांकडं दोनदा खेपा घालून मिळवून दिली.

लिफ्ट निघाली. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. तिघंही जाळीतून सरकणाऱ्या भिंतीकडं बघत होतो. तिसऱ्या मजल्याच्या जरा वर तो म्हणाला, भिंतीलाच सांगितल्यासारखं, "सिस्टर, या आठवड्यात दोन राहिल्या. मंगळवारी विसरलो. बुधवारी संध्याकाळची मुद्दाम नाही घेतली, बसनं लांब जायचं होतं."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "शुक्रवारी बोलू."

त्याला द्यायचं एक वाक्य माझ्यापाशी सात वर्षांचं आहे. त्यात गंमत एकही नाही, म्हणूनच असेल, तोंडातून निघत नाही. मी घसा साफ केला. त्यानं मूठ फिरवली, जाळी उघडली आणि नेहमीसारखं म्हणाला, "चौथा, साहेब."

मी उतरलो.